वर्गणी जर्नलची, गरज एका लेखाची

प्रतापनगर चौकातून निघाले की गाडीने थोड्या वेळात व्हीएनआयटी येते आणि आणखी पुढे गेले की नीरी. पहिली १९६० साली सुरू झालेली अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था, दुसरी १९५८ पासूनची पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय प्रयोगशाळा. प्रतापनगर, खामला, त्रिमूर्तीनगर या पट्ट्यात शोधनिबंध वाचणाऱ्यांना तोटा नाही. समजा, इथल्या एकाच गल्लीतल्या दोघांना एकाच दिवशी एकच लेख हवा आहे. भूजलातल्या फ्लोराइडवरचा लेख घेऊ. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या गावांसाठी हा रोजच्या पाण्याचा प्रश्न आहे. पहिला वाचक व्हीएनआयटीत पीएच.डी. करतो. त्याने लेखाच्या नावावर टिचकी मारली की पीडीएफ उघडते. दुसरी वाचक शहराबाहेरच्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. तिला सारांश दिसतो आणि त्याखाली तीस-चाळीस डॉलर भरा, अशी सूचना दिसते. लेखकाने तो लेख प्रकाशकाला फुकट दिलेला असतो. ज्यांनी तो तपासला, त्यांनाही बहुधा एक पैसा मिळालेला नसतो. तरीही तिला तो वाचता येत नाही, कारण तिच्या संस्थेने त्या जर्नलची वर्गणी भरलेली नाही.

या फरकावर केंद्र सरकारने अलीकडे मोठा उपाय केला. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी तिला ६,००० कोटी रुपये मिळाले. ३० मोठे प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, ६,३०० च्या आसपास सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्रीय संशोधन संस्था, आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक व संशोधक, असा तिचा आवाका आहे. भागाकार केला तर माणशी वर्षाला साधारण १,१०० रुपये पडतात. पूर्वी वेगवेगळे ग्रंथालयसंघ आणि संस्था एकाच प्रकाशकाशी वेगवेगळी घासाघीस करायच्या. देशाने एकत्र बसून सौदा केला, हे चांगलेच झाले. गडचिरोलीच्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलीला आता आयआयटीतल्या मुलाइतकेच वाचता यावे, हा त्यातला विचार मला मनापासून पटतो.

पण या योजनेला कुंपण आहे. पहिल्या टप्प्यात ती सरकारी संस्थांपुरती आहे. खासगी महाविद्यालये त्यात नाहीत, आणि नागपूर परिसरातली अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि व्यवस्थापन शिकवणारी किती महाविद्यालये खासगी आहेत, हे हिंगणा रोडने किंवा वर्धा रोडने एक चक्कर मारली तरी कळते. शास्त्रज्ञ निवृत्त झाला की त्याचे लॉगिन जाते, डोक्यातले प्रश्न मात्र तसेच राहतात. स्वतःचा दवाखाना चालवणारा डॉक्टर, माहितीच्या अधिकारात कागद मिळवून नदीच्या प्रदूषणावर काम करणारा कार्यकर्ता, नोकरी सोडून इतिहासाचे संशोधन करणारा गृहस्थ, हे सगळे कुंपणाबाहेर आहेत. शिवाय ही वर्गणीच आहे. करार संपला की पुन्हा वाटाघाटी, पुन्हा नवी रक्कम.

कुंपणाबाहेरच्या लोकांसाठी ग्रंथालयांकडे एक जुना मार्ग आहे, आंतरग्रंथालयीन देवघेव. तुमच्या ग्रंथालयात नसलेले पुस्तक किंवा लेख तुमचा ग्रंथपाल दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून देतो. लेखाच्या बाबतीत तर काही परतही करायचे नसते, एक प्रत काढून पाठवली की काम झाले. भारतात याची पद्धतशीर सुरुवात १९५२ साली झाली. त्या वर्षी युनेस्कोच्या मदतीने दिल्लीत इन्सडॉक ही वैज्ञानिक प्रलेखन संस्था उभी राहिली. संशोधकाने लेखाचा तपशील पत्राने कळवायचा, इन्सडॉकने तो लेख देशात कुठे आहे ते शोधायचे, त्याची छायाप्रत काढायची आणि टपालाने पाठवायची. देशातल्या कोणत्या ग्रंथालयात कोणत्या वैज्ञानिक जर्नलचे कोणते खंड आहेत, याची राष्ट्रीय संयुक्त तालिकाही या संस्थेने तयार केली. १९८८ मध्ये दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये डेलनेट हे ग्रंथालयांचे जाळे सुरू झाले. त्याची आज देशभर हजारो सदस्य-ग्रंथालये आहेत. पुढे विद्यापीठांची ग्रंथालये जोडणाऱ्या इन्फ्लिबनेटने विद्यापीठांसाठी जेसीसीसी नावाची सोय केली. तिच्यात २२ ग्रंथालयांवर इतर विद्यापीठांना लेख पुरवण्याची जबाबदारी होती. म्हणजे कल्पना नवी नाही, यंत्रणाही कोरी नाही. तरीही कुठल्याही प्राध्यापकाला विचारा, लेख मिळाला नाही तर तुम्ही काय करता? ‘ग्रंथालयातून मागवतो’ हे उत्तर क्वचितच येईल.

याचे कारण वेळ. आणि तो वेळ लेख पोहोचायला लागत नाही, कारण ई-मेलला दोन सेकंद पुरतात. वेळ जातो तो माणसांच्या टेबलांवर. वाचक अर्ज भरतो, त्यात जर्नलचे नाव अर्धवट असते. ग्रंथपाल ते नीट करतो. मग हे जर्नल कुणाकडे असेल, हे शोधतो. एका ग्रंथालयाला मेल करतो. तिथे तो मेल ज्यांच्याकडे जातो ते रजेवर असतात. चार दिवसांनी उत्तर येते की त्या वर्षाचा खंड आमच्याकडे नाही. मग दुसऱ्या ग्रंथालयाला मेल. दरम्यान वाचकाने लेखाचा नाद सोडलेला असतो, किंवा भलत्या वाटेने तो मिळवलेला असतो. अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने २००४ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. कर्मचाऱ्यांच्या हातून होणाऱ्या अशा एका देवघेवीत मागणाऱ्या ग्रंथालयाला सरासरी १७.५० डॉलर आणि देणाऱ्याला ९.२७ डॉलर खर्च येतो, असे तिच्यात आढळले. यातला सर्वांत मोठा वाटा कर्मचाऱ्यांच्या वेळेचा होता. वाचकाने थेट नोंदवलेल्या मागण्यांचा खर्च मात्र बराच कमी होता.

हा टेबलांवरचा वेळ यंत्राकडे कसा सोपवता येतो, ते एका पुराने दाखवले. २८ जुलै १९९७ च्या रात्री अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, फोर्ट कॉलिन्स शहरात ढगफुटीसारखा पाऊस झाला. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या मॉर्गन ग्रंथालयाचे तळघर पाण्याने भरले. तळघरात जर्नल्सचे बांधीव खंड होते. एकूण पाच लाखांच्या घरात खंड भिजले. ऑगस्टमध्ये सत्र सुरू होणार होते आणि विद्यापीठाची जर्नल्स चिखलात होती. भिजलेले खंड सुकवून, दुरुस्त करून परत यायला वर्षे लागणार होती, आणि तोवर हजारो लेख बाहेरून मागवायचे होते. मेल, फोन आणि फॅक्सच्या जुन्या रीतीने ते होणारच नव्हते. म्हणून तिथल्या देवघेव विभागाने स्वतःच एक संगणकीय व्यवस्था बांधली. सहभागी ग्रंथालयांनी आपल्याकडे कोणत्या जर्नलची कोणती वर्षे आहेत, याची यादी आधीच देऊन ठेवायची. मागणी आली की संगणकाने ती या याद्यांशी ताडून पाहायची आणि ज्याच्याकडे नक्की आहे त्याच्याकडेच पाठवायची. ठरलेल्या वेळात उत्तर आले नाही तर ती आपोआप पुढच्या ग्रंथालयाकडे जायची. ही व्यवस्था पुढे रॅपिड आयएलएल या नावाने शेकडो ग्रंथालयांत पसरली आणि लेख साधारण एका दिवसात मिळू लागला. २०१९ मध्ये ती एका व्यावसायिक कंपनीने विकत घेतली. आपले खंड गमावलेल्या ग्रंथालयाने दुसऱ्यांच्या खंडांवर काम चालवायचे ठरवले, आणि त्यातून कळले की प्रत्येकाने प्रत्येक गोष्ट स्वतःकडे ठेवण्याची गरजच नव्हती.

आजची स्वयंचलित व्यवस्था याच्याही पुढे गेली आहे. वाचक फक्त लेखाचा डीओआय, म्हणजे लेखाला मिळालेला कायमचा क्रमांक, एका चौकटीत टाकतो. त्या क्रमांकावरून लेखक, शीर्षक, जर्नल, वर्ष, खंड, पाने हे सगळे आपोआप भरले जाते, त्यामुळे अर्धवट अर्जाचा प्रश्न सुटतो. मग संगणक आधी बघतो की हा लेख कुठे कायदेशीरपणे फुकट उपलब्ध आहे का, लेखकाच्या विद्यापीठाच्या भांडारात किंवा खुल्या जर्नलमध्ये. २०१७ पासून अनपेवॉल नावाची सेवा हे काही क्षणांत सांगते. असा लेख सापडला तर वाचकाला तिथेच दुवा मिळतो आणि कुणाकडे काही मागावेच लागत नाही. नाही सापडला, तर आपल्याच ग्रंथालयात तो आहे का हे तपासले जाते. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण बाहेरून मागवलेल्या लेखांतले काही आपल्याच कपाटात असतात, वाचकाला ते माहीत नसते. तिथेही नसेल तेव्हाच मागणी बाहेर जाते, संयुक्त यादी पाहून, आणि ज्या ग्रंथालयावर आज कमी भार आहे त्याच्याकडे. छापील खंड असेल तर माणसाला उठून कपाटापर्यंत जावे लागते, पाने स्कॅन करावी लागतात. एवढेच काम माणसाचे उरते, आणि ते त्याचेच असायला हवे.

याद्या ताडून पाहण्याच्या कामात एका छोट्या आकड्यावर सगळे टेकलेले असते. नियतकालिकांना आठ अंकी आयएसएसएन मिळतो. १९३२ पासून बंगळूरूहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’चा आयएसएसएन ००११-३८९१ आहे. यातल्या पहिल्या सात अंकांना डावीकडून ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा. ०, ०, ६, ५, १२, २४, १८ असे गुणाकार येतात आणि त्यांची बेरीज ६५ होते. तिच्यात शेवटचा अंक १ मिळवला की ६६ होतात, आणि ६६ ला ११ ने पूर्ण भाग जातो. प्रत्येक खऱ्या आयएसएसएनमध्ये हा भाग जातोच. कुणी घाईत ३८९१ च्या जागी ३८१९ टाइप केले तर बेरीज ५८ येते, भाग जात नाही, आणि संगणक तिथल्या तिथे चूक दाखवतो. मागणी चुकीच्या ग्रंथालयात जाऊन आठवडाभर पडून राहण्याचा धोका या एका गुणाकाराने टळतो.

मात्र आयएसएसएन असला म्हणजे सगळे सरळ झाले, असे नाही. नागपूरचेच उदाहरण घ्या. नीरी ‘इंडियन जर्नल ऑफ एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ’ हे त्रैमासिक काढत असे. पाणी शुद्धीकरण, सांडपाणी, हवेचे प्रदूषण यांवरचे भारतातले कितीतरी मूळ काम त्यात आले आहे. या शतकाच्या सुरुवातीला त्याचे नाव बदलून ‘जर्नल ऑफ एन्व्हायर्न्मेंटल सायन्स अँड इंजिनिअरिंग’ झाले. नाव बदलले की आयएसएसएनही बदलतो. जुन्या प्रबंधांत पहिल्या नावाचा संदर्भ असतो, तोही तोडून-मोडून लिहिलेल्या संक्षेपात. एका ग्रंथालयाच्या यादीत जुने नाव, दुसऱ्याच्या यादीत नवे, तिसऱ्याकडे दोन्ही खंड एकाच कपाटात पण नोंद एकाचीच. संगणकाला हे सगळे एकाच वंशातले आहे हे कुणीतरी जाणकार ग्रंथपालाने शिकवावे लागते. म्हणून स्वयंचलन आले की ग्रंथपाल उरणार नाही, ही भीती मला खरी वाटत नाही. त्याचे पत्र लिहिण्याचे काम जाते आणि याद्या सुधारण्याचे काम वाढते, जे त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला येत नाही. या उदाहरणातून आणखी एक गोष्ट दिसते. नागपूर फक्त मागणारे शहर नाही. त्या त्रैमासिकाचे खंड शोधणाऱ्या जगातल्या कुठल्याही वाचकासाठी नागपूर हे देणारे शहर आहे.

आता पैशाचा हिशेब. प्रकाशक जर्नल्स गठ्ठ्याने विकतात. केबलच्या पॅकेजसारखे, पाहायचे चार चॅनेल आणि भरायचे दोनशे चॅनेलचे. ग्रंथालयाला नेमके काय वाचले जाते ते माहीत असूनही सुटे घेणे महाग पडेल अशीच किमतींची रचना असते. एका जर्नलचा विचार करू, आकडे सोयीसाठी घेतले आहेत. वर्षाची वर्गणी दीड लाख रुपये. महाविद्यालयात वर्षभरात त्यातले १५ लेख लागले, तर एक लेख १०,००० रुपयांना पडला. हेच १५ लेख देवघेवीने मागवले आणि प्रत्येकी सगळा खर्च धरून ५०० रुपये लागले, तर एकूण ७,५०० रुपयांत काम झाले. पण त्याच जर्नलमधले वर्षाला ५०० लेख लागत असतील, तर वर्गणीने एक लेख ३०० रुपयांना मिळतो आणि वर्गणीच स्वस्त ठरते. या आकड्यांत सीमा आहे ३०० लेखांची. म्हणजे ‘वर्गणी की देवघेव’ हा वाद तत्त्वाचा नाही. प्रत्येक जर्नलसाठी हा भागाकार करायचा आणि त्याप्रमाणे निर्णय घ्यायचा. पंचाईत एवढीच की आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत हा भागाकार कुणी करत नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात जर्नल्सची संख्या लिहायची असते, ती भरली की काम झाले असे समजले जाते.

हा भागाकार करून धाडसी निर्णय घेतलेली मोठी विद्यापीठे आहेत. न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठसमूहाने, म्हणजे सनीने, २०२० मध्ये एल्सेव्हिअरचा सुमारे २,२०० जर्नल्सचा गठ्ठा सोडला आणि फक्त २४८ जर्नल्सची वर्गणी ठेवली. वर्षाला ५० ते ७० लाख डॉलर वाचतील, असा अंदाज होता. कोणती ठेवायची हे ठरवताना अनसब नावाचे साधन वापरले गेले. प्रत्येक जर्नलचे किती लेख वाचले जातात, त्यातले किती खुले उपलब्ध आहेत, किती जुन्या अंकांवर आपला कायमचा हक्क आहे आणि उरलेल्यांसाठी देवघेवीचा किती खर्च येईल, हे सगळे ते मांडून दाखवते. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये त्याच प्रकाशकाशी करार तोडला आणि २०२१ मध्ये आपल्या अटींवर नवा केला. मधल्या काळात प्राध्यापकांचा उठाव होईल असे अनेकांना वाटत होते. तो झाला नाही. गठ्ठे सोडलेल्या अनेक ग्रंथालयांचा अनुभव असा की देवघेवीच्या मागण्या वाढल्या, पण भीती होती तितक्या वाढल्या नाहीत.

का वाढल्या नाहीत? खुल्या प्रती वाढल्या आहेत, हे एक. लेखकाला मेल केला तर तो आनंदाने लेख पाठवतो, हे दुसरे. वर्गणी भरलेल्या पुष्कळ जर्नल्सकडे मुळात कुणी वळतच नव्हते, हे तिसरे. आणि चौथे कारण साय-हब, तेही सांगितले पाहिजे. जगभर लाखो संशोधकांनी त्या बेकायदा संकेतस्थळावरून लेख उतरवले, त्यात आपल्याकडचेही होते. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतात बंद करण्याचा आदेश दिला. चोरवाट बंद करायची तर राजरस्ता रुंद करायला हवा, एवढेच माझे म्हणणे आहे. बंदीनंतर वाचकाच्या हातात एक चांगला, वेगवान, कायदेशीर मार्ग नसेल तर तो दुसरी चोरवाट शोधेल, आणि त्याला दोष देणे मला तरी जमणार नाही.

कायदेशीर असण्यालाही मर्यादा आहेत. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ५२ संशोधनासह खासगी वापरासाठी रास्त प्रमाणात प्रत घ्यायला मुभा देते. अमेरिकेत एका जर्नलच्या मागच्या पाच वर्षांच्या अंकांतून एका ग्रंथालयाने वर्षाला पाचपर्यंत लेख मागवावेत, असा संकेत १९७० च्या दशकापासून आहे, आणि स्वयंचलित व्यवस्था ही मोजणी स्वतःच ठेवते. खरा अडसर कायद्यापेक्षा करारात असतो. इलेक्ट्रॉनिक जर्नलच्या करारात प्रकाशक लिहून घेतो की इतर ग्रंथालयांना प्रत द्यायची नाही, किंवा द्यायची तर छापून मग स्कॅन करून द्यायची. ग्रंथालये घाईत सही करतात. देवघेवीचा हक्क हे करारातले पहिले कलम असावे, आणि पुढच्या राष्ट्रीय वाटाघाटीतही ते असावे, अशी मागणी ग्रंथपालांच्या संघटनांनी आग्रहाने केली पाहिजे. सरकारने देशाच्या पैशाने जर्नल्स घेतली आहेत. सरकारी ग्रंथालयाने शेजारच्या खासगी महाविद्यालयातल्या शिक्षिकेला त्यातला एक लेख देऊ नये, याचे समर्थन कसे करायचे?

दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. देवघेव चालते ती कुणीतरी वर्गणी भरतो म्हणून. सगळ्यांनी सगळे सोडले तर द्यायला कुणाकडेच काही उरणार नाही. त्यामुळे कोण काय ठेवणार हे आपसात वाटून घ्यावे लागते. शिवाय सगळी मदार एकाच केंद्रावर ठेवणेही धोक्याचे. इंग्लंडमध्ये १९६२ पासून यॉर्कशायरमधल्या बॉस्टन स्पाचे ग्रंथालय देशभर आणि परदेशांतही लेख पुरवत आले. ते पुढे ब्रिटिश लायब्ररीचा भाग झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, तिच्या संगणकीय सेवा कोलमडल्या, आणि लेखांची वाट पाहणारे जगभरचे वाचक खोळंबले. अनेक लहान-मोठ्या ग्रंथालयांचे जाळे असेल तर एक बंद पडले तरी मागणी दुसरीकडे वळते.

हे सगळे इंग्रजी विज्ञान-जर्नल्सबद्दल झाले. मला याहून जास्त तळमळ आहे ती मराठीची. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचे ‘संशोधक’, वाईचे ‘नवभारत’, आपल्या विदर्भ साहित्य संघाचे ‘युगवाणी’ यांचे जुने अंक कुठल्याही मोठ्या गठ्ठ्यात येत नाहीत. त्यांना कुणी प्रकाशक कोटींची वर्गणी मागत नाही, आणि म्हणून कुणी सरकारी करारही करत नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या अंकांना डीओआय नाही, त्या काळात आयएसएसएनही रुळलेला नव्हता. वऱ्हाडच्या एखाद्या गावाच्या इतिहासावरचा एकमेव लेख यातल्या एका अंकात असतो, तो अंक महाराष्ट्रातल्या मोजक्या ग्रंथालयांत असतो, आणि नागपूरच्या अभ्यासकाला तो हवा असेल तर ओळखीपाळखीने फोन करत बसावे लागते. इथे वर्गणीचा पर्यायच नाही, देवघेव हाच एक मार्ग आहे. आणि तिच्यासाठी लागणारी पायाभरणी मराठी माणसाने केव्हाच सुरू केली होती. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची १९४३ साली प्रसिद्ध केली. पुढे दाते, काळे आणि बर्वे यांनी १८०० ते १९५० मधल्या मराठी नियतकालिकांची सूची सिद्ध केली. संगणक नसताना, एकेक कार्ड हाताने लिहून झालेले हे काम आहे. त्याच्या पुढची पायरी, म्हणजे कोणत्या नियतकालिकाचा कोणता अंक आज कोणत्या गावातल्या कोणत्या ग्रंथालयात आहे याची एकत्र, संगणकावर शोधता येणारी यादी, अजून व्हायची आहे.

नागपुरात याची सुरुवात करणे अवघड नाही. व्हीएनआयटी, नीरी, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, केंद्रीय कापूस संशोधन संस्था, मृदा सर्वेक्षणाचे राष्ट्रीय कार्यालय, अशा भिन्न विषयांच्या संस्था एका शहरात असणे फार थोड्या गावांच्या नशिबी असते. कापसाचे, मातीचे, पाण्याचे, वैद्यकाचे वाङ्मय काही किलोमीटरच्या अंतरात आहे. सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. २००० साली न्यूझीलंडमध्ये सुरू झालेली कोहा ही खुली प्रणाली भारतातली अनेक ग्रंथालये आज वापरतात, आणि तिच्यात देवघेवीचा विभाग आहेच. लागणार आहे ते वेगळेच. प्रत्येक ग्रंथालयाने आपल्या बांधीव खंडांची वर्षनिहाय यादी नीट करायची, आयएसएसएन जोडायचे, नावे बदललेल्या जर्नल्सची जोडणी करायची. एक स्कॅनर आणि तो चालवणारा एक माणूस नेमायचा. मागणी एका दिवसात पुरी करायची किंवा ‘नाही’ म्हणायचे, असा नियम करायचा. आणि सर्वांत अवघड म्हणजे, ‘आमचे खंड आमच्या विद्यार्थ्यांसाठी’ ही वृत्ती सोडायची. पुढे याच जाळ्यात खासगी महाविद्यालये, सार्वजनिक वाचनालये आणि विदर्भ साहित्य संघासारख्या संस्था आल्या, तर निवृत्त शास्त्रज्ञाला किंवा हौशी इतिहास-अभ्यासकाला जवळच्या वाचनालयात जाऊन लेख मागता येईल.

वाचकांनीही एक करावे. पुढच्या वेळी एखादा लेख पैशाच्या भिंतीमागे दिसला, तर त्याचा डीओआय लिहून घ्या आणि आपल्या ग्रंथपालाकडे लेखी मागणी करा. डेलनेटचे सदस्यत्व आहे का, असेल तर त्यातून मागवता येईल का, हे विचारा. उशीर लागला तरी मागणी करणे सोडू नका, कारण मागण्यांची नोंद हा ग्रंथपालाच्या हातातला मोठा पुरावा असतो, आणि त्याच नोंदीवरून कोणती वर्गणी ठेवायची आणि कोणती सोडायची हे ठरवता येते. देशाचा सध्याचा करार २०२७ च्या अखेरपर्यंत आहे. त्याआधी नागपूरच्या ग्रंथालयांनी आपल्या खंडांच्या याद्या एकत्र केल्या पाहिजेत, आणि हे वाचकांनी मागितल्याशिवाय होणार नाही.